वाचकांच्या ग्रुपमध्ये नवीन आहात? मग मैत्री जमवायची कशी ते वाचा

हल्ली बरेच जण एकच गोष्ट विचारतात, की पुस्तकांच्या ग्रुपमध्ये जॉइन तर झालो पण तिकडे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात, कोणाच्या लेकीच्या बारावीची चौकशी चाललेली असते, कोणी कोणाला "ते पुस्तक या जन्मी परत मिळेल का" म्हणून टोमणे मारत असतं, आणि आपण मधेच उभे, लग्नाला जाऊन चुकून भलत्याच हॉलमध्ये शिरल्यासारखे. तर हा लेख अशा नवीन मंडळींसाठी. मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला, वाचन जवळजवळ सगळं लोकलमध्ये, आणि माझ्या जवळच्या माणसांमधली बरीचशी मला आधी एक डीपी आणि दोन ओळींची कमेंट म्हणूनच भेटलीयत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पुस्तक मधे राहू द्या. नवीन लोक इथेच घाई करतात, दोन दिवस पुस्तकावर बोलून झालं की लगेच "बाकी काय, घरी कोण कोण असतं?" त्याने समोरचा आखडतो. घरच्या गोष्टी येतात हो, न विचारता येतात, कादंबरीतल्या कोणाच्या तरी सासूवर बोलता बोलता स्वतःची सासू कधी आली ते कळतही नाही. पण ते पुस्तकाच्या वाटेने आलं पाहिजे.

पायरी १: ग्रुप पारखून घ्या

मेंबर किती यावर जाऊ नका. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण एवढ्या मोठ्या ग्रुपात बोलणारे तेच ते पंधरा-वीस, बाकीचे वाचून पुढे जाणारे. फेसबुकवरचे मोठे ग्रुप पुस्तक शोधायला एकदम भारी, आउट ऑफ प्रिंट काहीतरी विचारा, तासाभरात कोणीतरी कपाटाचा फोटो टाकतं. इंस्टाग्रामवर सगळं देखणं असतं, पुस्तक, शेजारी कटिंग, खिडकीत पाऊस, पण तिकडे कौतुक होतं, गप्पा कमी होतात. मैत्रीसाठी मला विचाराल तर साठ-सत्तर जणांचा ग्रुप, जिथे महिन्याभरात नावं डोक्यात बसायला लागतात, तो सगळ्यात बरा.

आणि पारखायचं कसं? फुलांचे फोटो आणि सुप्रभात किती येतात, अॅडमिन जागा आहे का, हे तर बघाच. पण खरी परीक्षा एकच, नवीन माणसाने काही लिहिलं तर जुने त्याला उत्तर देतात का, की नुसता अंगठा दाखवून आपल्या आपल्यात परत सुरू होतात. आठवडाभर बघा, कळतं. उत्तरं देत नसतील तर तिथे कितीही विद्वान असोत, निघा, तुमच्यासाठी तिथे खुर्ची नाहीये.

एक तांत्रिक भाग उरकून घेते. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलात की तुमचा नंबर सगळ्या मेंबरांना दिसतो, अगदी एक शब्द न लिहिताही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, तिथे "माय कॉन्टॅक्ट्स" करून ठेवा म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला उचलून भलत्याच ग्रुपात टाकू शकणार नाही. डीपी आणि लास्ट सीनही कॉन्टॅक्टपुरतंच ठेवा निदान सुरुवातीला. मुलींनो तुम्हाला हे सांगायला नकोच, मुलांनी पण करा.

पायरी २: थोडे दिवस नुसतं वाचा

आठ-दहा दिवस पुरे. कोणाला काय आवडतं, कोण नेहमी चिडवतं, कोणाच्या शब्दाला वजन आहे, एवढं कळलं की झालं. काही लोक मात्र वर्षानुवर्षं नुसतं वाचतात आणि मग म्हणतात ग्रुपमध्ये कोणी ओळखत नाही. कसं ओळखणार बाबा?

पायरी ३: पहिली पोस्ट, आणि ती स्वतःबद्दल नको

नव्वद टक्के लोकांची पहिली पोस्ट अशी असते: "नमस्कार, मी अमुक तमुक. मला लहानपणापासून वाचनाची प्रचंड आवड आहे. सर्व प्रकारची पुस्तकं वाचते. या समूहात सामील होऊन आनंद झाला." त्यावर सात-आठ स्वागत, चार नमस्कार, दोन गुलाब आणि विषय संपला. वाईट काही नाही त्यात, पण समोरच्याने धरायचं काय? सर्व प्रकारची पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय?

आता ही बघा: "मी रोज वाशी ते सीएसएमटी, विंडो मिळाली तर वाचते नाहीतर कानात ऑडिओ. सध्या चाळीतल्या घरावरची एक कादंबरी चालू आहे. त्यात आजी जाते आणि त्याच पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी दोघी सुना गुपचूप उठून बादल्या लावतात. ते पान वाचून चेंबूरपासून वडाळ्यापर्यंत नुसती बाहेर बघत बसले. असं रडारड न करता लिहिलेलं मरण अजून कुठे वाचलंय का कोणी?"

यात काय झालं ते बघा. हार्बर लाइनने प्रवास करणारे लगेच सरसावणार, चाळीत वाढलेले लोक पाण्याच्या वेळेवर बोलणार (आणि एकदा का मुंबईकर पाण्याच्या वेळेवर सुरू झाला की थांबत नाही), आणि प्रश्न असा आहे की उत्तर द्यायला दुसऱ्याला स्वतःच्या कपाटात डोकं घालावं लागेल. तुम्ही कोण, कुठल्या, शिक्षण काय, काही सांगितलं नाहीत, पण तुम्ही कशा वाचता ते सगळ्यांना कळलं. मैत्री याच्याशीच होते. "आमची आवड सेम टू सेम आहे" याच्यावर फार भरवसा ठेवू नका, एकाच लेखकाचे दोन भक्त एकमेकांना पंधरा मिनिटांत बोअर करू शकतात, मी पाहिलंय. उलट एक रहस्यकथावाली आणि एक कवितावाला, दोघंही एकेका वाक्यावर अडून बसणारे, अशी जोडी वर्षानुवर्षं टिकलेली बघितलीय.

पुस्तकाचं सगळं कथानक लिहू नका. एक पान, एक प्रसंग, एक खटकलेली गोष्ट. खटकलेली असेल तर जास्तच छान. आणि हो, अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल लिहायला लाजू नका, ग्रुपमध्ये निम्म्या लोकांनी ते तिथेच सोडलेलं असतं आणि कोणीतरी बोलायची वाट बघत असतात.

पायरी ४: दुसऱ्यांच्या पोस्टवर या

सगळ्यांना स्वतःची पोस्ट वाचली जावी असं वाटतं, दुसऱ्याची वाचायची कोणी? तर तुम्ही वाचा. "छान", "मस्त लिहिलंय", "नक्की वाचणार" असलं काही लिहिण्यापेक्षा एक खरा प्रश्न टाका. शेवट पटला का? अनुवाद कसा आहे, अडखळायला होतं का? माझ्या आईला दिलं तर आवडेल का? हा आईवाला प्रश्न तर अफलातून चालतो, कारण समोरचा लगेच तुमच्या आईबद्दल विचारतो, काय वाचतात, डोळे कसे आहेत, मोठा टाइप लागतो का. बघा, घर आलं की नाही, आणि आलं पुस्तकाच्याच वाटेने.

पण या पायरीत सगळ्यात वजनदार गोष्ट वेगळीच आहे आणि ती फार कमी लोक करतात. कोणी पुस्तक सुचवलं, तुम्ही ते खरोखर मिळवलं, वाचलं, आणि महिन्याने परत येऊन त्या माणसाला नाव घेऊन सांगितलं. सुचवणाऱ्यांचं दुःख काय असतं माहितीये का, शंभर जणांना पुस्तकं सुचवलेली असतात आणि परत येऊन कोणी सांगत नाही. "सर, तुम्ही म्हणालात म्हणून आणलं, पहिली पन्नास पानं कंटाळले, पण ती कोर्टातली साक्ष आल्यावर रात्री दोनपर्यंत बसले" एवढं लिहा, तो माणूस तुम्हाला विसरणार नाही. आवडलं नाही तरी सांगा, का ते सांगा. आवडलं नाही हे नीट सांगणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, पुढच्या वेळी तुमच्या "आवडलं"ला किंमत येते.

आता प्रत्येक सुचवलेलं पुस्तक विकत घेत बसलात तर दिवाळं निघेल, म्हणून लायब्ररी लावा. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, ठाणेकरांचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधीचं, १८९३ चं. जुनी पुस्तकं, ज्यांची नावं ग्रुपमधले साठीच्या पुढचे काका-मावशी घेत असतात आणि दुकानात कोणी ऐकलेलीही नसतात, ती अशाच ठिकाणी सापडतात. आणि त्या काका-मावशींशी मैत्री करायची तर तुम्हाला तीच पुस्तकं वाचावी लागणार, दुसरा रस्ता नाही. करा ती मैत्री, फार मजा येते, व्हॉइस नोट सात-सात मिनिटांच्या असतात पण ऐका.

मधेच: भांडणं

ही पायरी नाही, पण सांगायला हवं. मराठी वाचकांच्या ग्रुपात वणवा हमखास तीन ठिकाणी पेटतो. एक, ऐतिहासिक कादंबरी हा इतिहास आहे की नाही. दोन, शुद्धलेखन. तीन, अमुक मोठा लेखक खरंच एवढा मोठा आहे का. पहिल्यात तर लोक जातीपर्यंत जाऊन पोचतात, दोन दिवसांत पाच जण ग्रुप सोडतात. नवीन असताना पहिल्या विषयात पडूच नका, नुसतं बघा, कोण मुद्द्यावर बोलतं आणि कोण माणसावर. मैत्री कोणाशी करायची आणि कोणाशी नाही हे अशा दोन दिवसांत जेवढं कळतं तेवढं वर्षभराच्या गोड गप्पांत कळत नाही. जो माणूस भांडणाच्या मधेच "हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, मी तसा विचार केला नव्हता" असं लिहितो ना, त्याचं नाव लिहून ठेवा.

शुद्धलेखनवाले मात्र मनावर घेऊ नका. तुमच्या पोस्टमधला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणाऱ्यातले निम्मे लोक खरंच तुमची पोस्ट सगळ्यात बारकाईने वाचणारे असतात, पुढे जाऊन चांगले मित्र निघतात. उरलेले निम्मे तसेच राहतात.

पायरी ५: पर्सनलवर कधी जायचं

ग्रुपमध्ये एकाच माणसाशी तुमचं बोलणं वारंवार लांबायला लागलं, बाकीचे कंटाळतील असं वाटायला लागलं, की ती वेळ. आणि जाताना निमित्त घेऊन जा. नुसतं "हाय" टाकून थांबू नका, मराठी माणूस अनोळखी "हाय"ला घाबरतो. "नमस्कार, ग्रुपवर तुम्ही त्या अनुवादाबद्दल म्हणालात ना, त्याच लेखिकेचं अजून एक मला काल फुटपाथवर मिळालं, फोटो पाठवू का?" पाठवू का, हे विचारा. हो आलं तर पाठवा. उत्तर नाही आलं तर परत मेसेज नाही, ग्रुपमध्ये नेहमीसारखं बोलत राहा, काही बिघडत नाही.

हाक मारण्याचं काय? सुरुवात अहो-जाहोनेच, वय काही असो. ग्रुपमध्ये ताई, दादा, काका, सर, मॅडम सगळं चालतं, पण पंचवीस वर्षांच्या पोरीला पंचेचाळीसचा माणूस ताई म्हणतो तेव्हा तो अंतर राखतोय आणि ते चांगलंच आहे, राखू द्या. अरे-अगंवर कोण आधी येणार? मोठ्याने यावं किंवा बाईने यावं, असा एक न लिहिलेला नियम आहे आणि तो मला पटतो. "अहो नका म्हणू मला, म्हातारं वाटतं" हे वाक्य समोरून येईपर्यंत थांबा.

पुरुषांसाठी एक स्पष्टच लिहिते. पुस्तकावर बोलणारी बाई तुमच्याशी पुस्तकावर बोलतेय. रात्री साडेअकराला "झोपलीस का" हा पुस्तकावरचा प्रश्न नाही. अशाने चांगल्या वाचणाऱ्या बायका ग्रुपमध्ये गप्प होतात, आणि ग्रुपचं वाटोळं होतं. बायकांनी पहिल्याच खटकलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट अॅडमिनला पाठवावा, दुसऱ्याची वाट बघू नये. चांगला अॅडमिन तिथल्या तिथे काढतो, कुरकुर करत असेल तर तो ग्रुपच सोडायच्या लायकीचा.

आणि पैसे. पुस्तकप्रेमी माणूस फसवणार नाही असं आपल्याला उगाच वाटतं. "दुर्मिळ सेट आहे, आधी अॅडव्हान्स पाठवा" म्हणणारा, ग्रुपात ज्याला कोणी भेटलेलं नाही असा मेंबर असेल तर नाही म्हणा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, जेवढ्या लवकर फोन कराल तेवढे पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

पायरी ६: प्रत्यक्ष भेट

पहिली भेट ग्रुपचीच असू द्या, गटग (म्हणजे गेट-टुगेदर) म्हणा, कट्टा म्हणा, पाच-सहा जण तरी हवेत. दोघंच भेटलात आणि अवघडलात तर सुटका नाही. सहा जणांत एक तरी बडबड्या असतोच.

जागा कुठली, तर दादर. पश्चिम आणि मध्य दोन्ही लाइनी तिथे मिळतात, कोणी बोरिवलीहून आलं काय आणि कोणी बदलापूरहून आलं काय, तक्रार सारखीच. छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जमायचं, तासभर पुस्तकं चाळायची, मग गल्लीतलाच वडा खायचा आणि चालत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं. कट्टा सुचवते याचं कारण मुंबईत फुकट बसायची जागा मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. हॉटेलात सहा जण दोन कॉफीवर तीन तास बसले की वेटर टेबल पुसायला येतो, परत परत येतो. फोर्टातले नोकरदार असाल तर ऑफिस सुटल्यावर हॉर्निमन सर्कलची बाग, समोर एशियाटिक लायब्ररीचा टाउन हॉल, १८३३ चा, तिथून फ्लोरा फाउंटनला किताबखाना हे पुस्तकांचं दुकान चालत दहा मिनिटं. फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, जुन्या पुस्तकांसाठीच भेटायचं तर माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ बरा, वर परत इडली-कॉफी हाकेच्या अंतरावर.

रविवार ठरवत असाल तर आधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल कुठे बंद आहेत ते, बघा! मध्य आणि हार्बरवाल्यांचा रविवार दुपार म्हणजे ब्लॉक, अकरा ते चार धरूनच चाला, आणि मग डोंबिवलीवाली बिचारी तासभर उशिरा घामाघूम येते आणि सगळे म्हणतात तूच लांब राहतेस. सकाळी नऊला भेटा किंवा पाचला. पाऊस असेल तर सरळ पुढे ढकला, दादरचा हिंदमाता चौक पाण्याने तुंबलेला असताना साहित्यावर चर्चा होत नाही.

ज्यांना गप्पांचंच टेन्शन येतं त्यांच्यासाठी आणखी एक प्रकार आहे. बंगळुरूच्या कबन पार्कात २०२३ मध्ये लोक नुसते चटई टाकून आपापलं पुस्तक वाचत बसायला लागले, ते लोण मुंबईच्या बागांमध्येही आलंय. दोन तास कोणी कोणाशी बोलायचं नाही, शेजारी बसून वाचायचं. ऐकायला विचित्र आहे पण लाजाळू माणसाला याच्यासारखं दुसरं काही नाही, दोन तासांनी शेजारचा हमखास विचारतो, काय वाचताय?

घरी सांगून जा, कुठे, कोणाबरोबर, कधी परत. पहिल्याच भेटीत कोणाच्या घरी नको, अगदी "माझी लायब्ररी बघायला या" असलं तरी. आणि भेटीत लेखक-प्रकाशक मंडळी स्वतःची पुस्तकं खपवायला आली तर एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा सरळ वड्याचा विषय काढा.

पायरी ७: पुस्तक देणं-घेणं

इथे ओळखीची मैत्री होते. कारण पुस्तक दिलं की परत भेटावं लागतं.

माझी एक बोरिवलीची मैत्रीण आहे, आम्ही अजूनही निम्म्या वेळा दादरलाच भेटतो, इंडिकेटरखाली, ती तिच्या गाडीतून उतरून येते, मी माझ्या, पाच मिनिटं, आणि दोघी परत आपापल्या गाड्यांना. जुलैमध्ये ती पुस्तक देते ते धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत, तोंड रबरबँडने बांधलेलं, त्याच्यावर परत कापडी पिशवी. आत पहिल्या पानाला एक पिवळी चिठ्ठी, "११२ पर्यंत दम धर, मग बोल." मग मी एकशेबाराव्या पानाला पोचले की घाटकोपरच्या गर्दीत कशीबशी एका हाताने मेसेज करते, "पोचले", आणि तिकडून उत्तर येतं, "आता?" हे असं कुठल्याही ग्रुपवर चारचौघांत होत नाही.

द्यायचं कसं ते सांगते. पहिल्यांदा असं पुस्तक द्या जे नाही परत आलं तरी तुम्ही रात्री जागे राहणार नाही. आजोबांची सही असलेलं, आउट ऑफ प्रिंट, असलं काही नको. पहिल्या पानावर पेन्सिलीने नाव, आणि मोबाइलमध्ये हातात पुस्तक घेतलेल्या मित्राचा एक फोटो. फोटो हसत हसत काढायचा, "तुझा छान येतोय" म्हणून, पण सहा महिन्यांनी कोणाकडे काय आहे ते गॅलरीतच सापडतं. लायब्ररीचं पुस्तक कधीही पुढे देऊ नका. घेतलंत तर पान दुमडू नका, चहा लांब ठेवा, पावसाळ्यात कपाटात कोंबून ठेवू नका, बुरशी धरते. समास पेन्सिलीने रंगवायचा की नाही ते विचारून घ्या, काहींना चालतं, काहींना तो खून वाटतो.

परत येत नसेल तर? एकदा आठवण, मग महिन्याने अजून एकदा, ती पण "तुझं वाचून झालं का, मला त्यातलं एक बघायचं होतं" अशी. तिसऱ्यांदा मागायचं नाही. पुस्तक गेलं असं धरा, आणि त्या माणसाला पुढचं देऊ नका, बोलणं चालू ठेवा. एका पुस्तकासाठी चांगला माणूस तोडणारे लोक मी बघितलेत, आणि दर वेळी पुस्तक दुकानात मिळत होतं!

घरात रद्दी झालेली जास्तीची पुस्तकं असतील तर डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तक आदान-प्रदानाचा सोहळा असतो, आपलं वाचलेलं द्यायचं, दुसरं घ्यायचं, ग्रुपने मिळून जायला ती झकास सहल आहे.

आणि पीडीएफ. दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, "याची पीडीएफ आहे का?" मागू नका, देऊ नका. आपल्या १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे, पण परवा आलेल्या कादंबरीची स्कॅन केलेली प्रत ही चोरीच. शिवाय मराठीत आवृत्ती निघते किती प्रतींची, त्यात शंभर जणांनी फुकट वाचली तर दुसरी आवृत्ती निघतच नाही. ग्रुपमध्ये लेखक-लेखिका पण असतात, त्यांच्यासमोर त्यांचीच पीडीएफ मागितल्यावर काय मैत्री होणार?

पायरी ८: दिवाळी अंक फिरवा

चार-पाच जणांची गाडी जमली की ही गोष्ट कराच. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक. पण आता अंकांच्या किमती बघितल्यात तर एकट्याने दोन-तीनच्या वर घेणं जिवावर येतं. लायब्ऱ्यांच्या योजना असतात, ठरावीक पैसे भरून काही महिने अंक वाचायचे, त्या चांगल्याच आहेत. मित्रांमध्ये फिरवण्याची मजा मात्र निराळी.

पाच जण असाल तर प्रत्येकाने दोन अंक घ्यायचे, एकाने घेतलेला दुसऱ्याने घ्यायचा नाही, म्हणजे पाच जणांत दहा अंक. क्रम लाइनप्रमाणे लावायचा, म्हणजे ठाणे, मुलुंड, घाटकोपर, मग दादरला पश्चिमवाल्यांच्या हातात, म्हणजे कोणाला उलटं जावं लागत नाही. एका अंकाला दहा दिवस, वाचून झाला असो वा नसो. यावर घासाघीस करू देऊ नका, एक जण अडकला की पाचवा माणूस दिवाळी अंक होळीला वाचतो. आणि आमच्यातला नियम असा की अंकाच्या मागच्या पानाला एक कोरा कागद स्टेपल करायचा, ज्याने वाचला त्याने त्यावर चांगली कथा कुठली, टाकाऊ कुठली, एवढं लिहायचं. तिसऱ्या माणसापर्यंत तो कागद अंकापेक्षा वाचनीय झालेला असतो. "पान ८६, लेखकाला संपादकाने का अडवलं नाही?" त्याखाली वेगळ्या अक्षरात, "संपादकाचा मेहुणा असेल." त्याखाली पेन्सिलीने, "मला आवडली. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं." आणि मग त्या रात्री कोणीतरी त्या पेन्सिलवाल्याला फोन करतं.

वाचकांनी असं पैसे आणि पुस्तकं एकत्र करून काहीतरी उभं करणं मुंबईला नवीन नाही, १९७४ मध्ये 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रमंडळींनी इथेच सुरू केली. आपल्याला चळवळ काढायची नाहीये, दहा अंक फिरवायचेत.

मोठा ग्रुप कधी ना कधी थंडावतो, अॅडमिनची बदली होते, कोणाला बाळ होतं, दोन गट पडतात. म्हणून हे पाच जणांचं वेगळं ठेवा, नावही देऊ नका हवं तर. अंकांची यादी मात्र सप्टेंबर संपायच्या आत करून टाका, कोण कुठला घेणार ते पक्कं लिहून. ऑक्टोबरात सगळे घराच्या साफसफाईत आणि चकलीच्या भाजणीत असतात, मेसेजला उत्तर मिळत नाही आणि मग एकच अंक तिघं घेऊन येतात.